कॉलेज बघण्याचा कार्यक्रम

स्थळ पारखावं तर मी. सेनगाव तालुक्यात कुणालाही विचारा. कुणी नाहीच सांगितलं तर मी स्वतः सांगतो. भावकीतल्या निम्म्या पोरी माझ्या शब्दावर नांदायला गेल्या आणि सुखात आहेत. एकीचा नवरा घोरतो. पण आम्ही बघायला गेलो तेव्हा तो जागा होता, त्याला मी काय करणार?

म्हणून माझी पुतणी करुणा बारावी होऊन म्हणाली, "मला नाटकाची डिग्री करायचीय," तेव्हा माझ्या थोरल्या भावानं, जळबादादानं, हातातली भाकर ठेवली आणि आधी माझ्याकडं बघितलं.

"रत्नपाल, नाटकाची बी डिग्री असती काय?"

"असती की बाबा," करुणाच बोलली. "नाट्यशास्त्र."

"जयंतीला नाटक करतीस तेवढं पुरं न्हाई का? ते तर कुणी न शिकवता येतं तुला. नर्सिंगला जा. पोटाला लागंल."

पाटाचं पाणी वाफ्यात शिरताना हळदीचं पान कसं थरथरतं, तसे करुणाचे ओठ थरथरले. दादालाही ते दिसलं असावं. खाली बघत तो म्हणाला, "काकाला जागा दाखव. त्यानं बरी म्हणली तर जा. न्हाई म्हणला तर नर्सिंग, अन् पुन्हा नाटकाचं नाव काढायचं न्हाई."

म्हणजे पोरीचं सगळं माझ्या पारखेवर आलं. मी मिशीवरून हात फिरवला.

करुणानं मोबाइलवर कॉलेजं दाखवली. मुंबईचं मी लगेच मोडलं. एवढ्या लांब पोरगी दिली की दिवाळीलाही तोंड दिसत नाही. पुण्याच्या कॉलेजच्या फोटोत सगळे दात काढून हसत होते. ज्या घरात एवढं हसतात तिथं काहीतरी झाकलेलं असतं, हा माझा अनुभव आहे. तिसरं आपल्या एसटीच्या टप्प्यातलं. त्याचा एकच फोटो: निंबाचं झाड आणि खाली टेकवलेली सायकल. मला घर आवडलं.

"फोन करून विचारू का काका?"

"फोन? पोराकडच्यांना कुणी फोन करून विचारतं का, तुमचं पोरगं दारू पितं का म्हणून? घराला विचारायचं नसतं करुणा. शेजाराला विचारायचं असतं."

निघालो चौघं, दादासुद्धा. माझी बायको पद्माबाई हिनं करुणाला बळंच साडी नेसवली, डोक्याला तेल चोपडलं. "लोकाच्या दारात जायचंय," ती म्हणाली. जीपनं हिंगोली, तिथून एसटी, आणि दुपारी आम्ही कॉलेजपुढं. तिघांना झाडाखाली उभं करून मी फाटकासमोरच्या टपरीवर गेलो. चहावाल्याचं नाव खेमा.

चहाचा घोट घेऊन मी आवाज उतरवला. "समोरचं घर कसं हाय?"

"घर कुठलं? नाटकाचं कॉलेज हाय ते."

"तेच. माणसं कशी हायत? पिणारी-खाणारी?"

"चहा पितेत. लई पितेत."

"पोरीच्या जातीला काही तकलीफ?"

खेमानं माझ्याकडं बघितलं. मग झाडाखालची साडीतली करुणा बघितली, दादाची परीटघडीची टोपी बघितली, आणि त्याचा चेहरा उजळला.

"बिनघोर ऱ्हावा काका. संघरत्न सर म्हणजे सोनं. सोताचं घर हाय, आई गरीब सोभावाची, नणंद न्हाई."

नणंद नाही हे कॉलेजच्या बाबतीत कशाला सांगतो ते मला कळलं नाही, पण ऐकून बरं वाटलं.

"तुमी बसा, मी आत सांगून येतो," म्हणत खेमा फडकं खांद्यावर टाकून पळालाही. मी मनात म्हटलं, काय अगत्य आहे!

आत गेलो तर जिन्यावर पोरंपोरी ओळीनं उभी, एकमेकांना कोपरानं ढोसत. विभागाच्या प्रमुख गौसिया मॅडमनी आम्हाला खुर्च्या दिल्या. पाणी आलं, मागोमाग पोहे आले, वर ओलं खोबरं. मी दादाला डोळ्यानंच म्हटलं, बघ, जागा कशी काढलीय. तेवढ्यात पोरांनी एका किडकिडीत माणसाला आत ढकललं. अंगात जरीचा लांब कोट, बहुतेक राजाच्या कामाचा, आणि कपाळावर घामाच्या धारा. हे संघरत्न सर.

"पोरगी आम्हाला पसंत आहे," मॅडम म्हणाल्या. "आधी कळवलं असतं तर यांना धड कपडे तरी घालता आले असते."

एवढ्यात पसंत? परीक्षा नाही, काही नाही? माझी छाती फुगली.

"तुमची काही अट?" दादानं विचारलं.

"कसली अट? पोरीनं पुढं शिकावं, एवढंच."

दादाचा चेहरा सैल झाला. "अन् ऱ्हायचं कुठं?"

"संघरत्न सरांच्या घरी. दुसरं कुठं?"

दादाचा चमचा तोंडापाशी थांबला. "मास्तरच्या घरी?" त्यानं बशी ठेवली, टोपी सारखी केली आणि उठला. "चला. नर्सिंग."

"मॅडम, मी यांना ओळखतबी न्हाई," संघरत्न सर राजाच्या कोटातून कळवळले.

मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. आणि तेव्हा करुणा पुढं झाली. मला वाटलं, रडते आता. तिनं पदर खोचला, पोट पुढं काढलं, ओठावर नसलेल्या मिशीवरून हात फिरवला आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्याच, म्हणाली, "समोरचं घर कसं हाय? माणसं पिणारी-खाणारी?"

लगेच ती खेमा झाली, फडकं झटकून "नणंद न्हाई" म्हणाली. मी आवाज उतरवला होता, तरी झाडाखालून तिनं सगळं ऐकलं होतं. मग तोंडापाशी चमचा थांबलेला जळबादादा झाली. शेवटी पुन्हा करुणा झाली, आणि हात जोडून म्हणाली, "मॅडम, नवरा नको. प्रवेश पाह्यजे."

मग कुणीतरी हुंदका दिल्यासारखा आवाज आला. बघतो तर दादा. पोट धरून, भिंतीला टेकून हसत होता. टोपी खाली पडली तरी त्याला भान नव्हतं. मग सगळी खोलीच हसली, कोटातले सरसुद्धा.

गौसिया मॅडमनी डोळे पुसले. "बेटा, प्रवेश परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काहीतरी करून दाखवावं लागतं. तू हेच कर."

मुलींचं वसतिगृह त्या निंबाच्या मागंच निघालं. पद्माबाई स्वयंपाकघर बघून आली. "भाकर मिळती. तिखट कमी हाय."

दादानं टोपी झटकली, माझ्याकडं वळला. "काय रत्नपाल? जागा बरी हाय का?"

करुणा माझ्याकडं बघून राहिली होती. वाफ्यातलं पान पुन्हा थरथरत होतं. भर सभेत तिनं माझी सालटी काढलेली. पण पारख ती पारख.

"लई बरी हाय," मी म्हणालो.

परतताना एसटीच्या खिडकीशी पद्माबाई हलक्या आवाजात गुणगुणत होती, करुणाचं डोकं मांडीवर घेऊन:

लेक निघाली शिकाया, हात लाविते वाटंला
हळदीच्या ग रंगाची, माया बांधिली गाठंला

दादा बाहेर बघत होता. टोपी त्यानं डोळ्यांवर ओढली होती, आणि ऊन तर दुसऱ्या बाजूला होतं.

करुणा पास झाली. वर्षअखेरीच्या कार्यक्रमाला आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. पडदा उघडला तो चहाची टपरीच पुढं. करुणा खेमा झाली होती. माझं काम संघरत्न सरांकडं. मिशी चिकटवलेली, पोटाला उशी बांधलेली. लोक हसून हसून खुर्चीत मावेनात. मी जरा ताठ बसलो. म्हटलं, चला, एवढ्या मोठ्या कॉलेजात आपलंही नाव झालं.

पद्माबाई माझ्या कानाशी वाकली.

"अवं," ती म्हणाली, "उशी ल्हान पडली की हो."