रिकाम्या जागेवरची रेघ

आमच्या शेजारचे अण्णा कुडचे दर रविवारी दुपारी चारला टेपरेकॉर्डरवर बिघडलेलं मशीन लावायचे, आणि ते मशीन काय म्हणतंय ते टाकानं लिहून घ्यायचे.

हे मी चेष्टेनं सांगत नाही. चेष्टा करायला गल्लीत दुसरी माणसं भरपूर होती. कॅसेट सुरू झाली की आधी पत्रा फरफटल्याचा आवाज यायचा. मग कुणीतरी लोखंडी बादलीत खडे ढवळतंय असा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि सुटलो बाबा असं वाटेपर्यंत एकदम कर्र्र! पहिल्या रविवारी समोरची इंदूआक्का पदर खोचून धावत आली.

"अण्णा, मिक्सर जळाला काय वो?"

अण्णा खुर्चीवरनं हलले नाहीत. म्हणाले, "सदर आवाज मिक्सरचा नसून संगीताचा आहे. सबब काळजी नसावी."

आक्का परत गेली आणि दारातनंच सगळ्या गल्लीला ओरडून म्हणाली, "म्हाताऱ्याचा इस्क्रू ढिला झालाय!"

अण्णा बोलायचेच तसं. त्यांचा जन्म सीमेकडच्या गावचा, घरात कानडी. आणि बत्तीस वर्षं कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून त्यांनी लोकांचे अर्ज, दस्त, प्रतिज्ञापत्रं लिहिली. त्यामुळं तोंडात कानडी, मराठी आणि स्टँपपेपर असं तिन्ही एकदम. भाजीवालीला म्हणायचे, "सदर वांगी किडकी असून ती घेणेस माझी हरकत आहे." चहाला बोलावलं तर म्हणायचे, "येतो की. राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय." दस्ताच्या शेवटी लिहितात ना, तेच. मला ते मिस्त्री म्हणायचे. ते बरोबरच होतं. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो. शाळा तिसरीपर्यंत, पण सुताचा फरक बोटानं सांगतो. सांगणारा दुसरा कुणी असला तर आणून दाखवा.

माझा आणि त्या संगीताचा संबंध आला तो टेपरेकॉर्डरचा बेल्ट तुटला तेव्हा. टेपरेकॉर्डर माझं काम नव्हे. पण "हे मला जमत न्हाई" असं म्हणायची सवय मला नाही. सायकलची जुनी ट्यूब घेतली, तिची बारीक रिंग कापली आणि बसवली. टेप चालू झाला. जरा हळू चालायला लागला, पण त्या संगीतात हा फरक देवालासुद्धा कळला नसता.

चालू केला तसा बसलो ऐकत. अण्णांनी पुढ्यात लांब कागद घेतला, डावीकडं चार बोटं समास दुमडला. टाक दौतीत बुडवला, दौतीच्या काठावर दोनदा आपटला, टिक, टिक, आणि लिहायला लागले. मी मान लांब करून बघितलं. काय ती ओळ! सरळ दोरी धरल्यागत. वळणं, फाटे, वेलांट्या, कुठं ठसठशीत, कुठं केसासारखं बारीक. आवाज वाढला की अक्षर दाट व्हायचं, कमी झाला की लांब पसरायचं. आणि आवाज अजिबात बंद झाला की अण्णा तेवढी जागा मोकळी सोडायचे आणि लगेच तिच्यावर तिरकी रेघ मारायचे.

"ही रेघ कशाला?" मी विचारलं.

"कागदात रिकामी जागा ठेवायची न्हाई मिस्त्री. मागनं कोणतरी आपल्याला नको ते घुसडतंय. बत्तीस वर्षांत एक कागद मी तसा सोडला न्हाई."

मला लिहिलेलं वाचता येत नव्हतं. पण मला पुष्कळच लिहिलेलं वाचता येत नाही, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही. आवाजाबद्दल मात्र मी गप्प बसलो नाही. म्हटलं, "अण्णा, ह्यात बेरिंग गेलंय."

टाक थांबला. "काय म्हणला?"

"ह्यो जो मघापासनं घुर्र घुर्र चाललाय, त्यो बेरिंगचा. आन् मागं जे दाबून निघतंय न्हवं, त्यो उसाचा चरक हाय. कारखान्यात जाऊन कुणीतरी भरून आणलंय."

अण्णा माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी कानडी बोललो. "तुम्हाला कळतंय की वो!"

"न कळायला काय झालं?" मी म्हटलं. तेव्हापासनं दर रविवारी चारला मी हजर. मी आवाज ओळखायचा, अण्णांनी लिहून घ्यायचं. ह्यो वेल्डिंगचा. ह्यो शटरचा. ह्यो पंख्याला सुतळी बांधलेली हाय. एकदा पाऊण तास नुसता पाण्याच्या मोटारीचा आवाज होता. मी म्हटलं, "पाणी चढत न्हाई. फूटव्हॉल बघा म्हणावं." अण्णांनी त्याची दोन पानं लिहिली.

आता माझी चूक सांगतो. चूक म्हणायची की काय ते तुम्ही ठरवा.

ते कागद काय आहेत हे अण्णांना सरळ विचारायचं मला जमेना. आठ-दहा रविवार शेजारी बसून मग "हे काय हो?" असं विचारणं म्हणजे इतके दिवस काहीच कळलं नव्हतं असं कबूल करणं. मी डोकं चालवलं. न तोडता, एका दमात, वळणावळणाचं लिहिलेलं. म्हणजे मोडी. जुन्या जमिनीचे कागद आमच्याकडं मोडीतच असतात. म्हातारा कोर्टातला माणूस, कुठलातरी जुना कागद आठवून आठवून उतरवून काढतोय, आणि वरचा आवाज लावतोय तो गल्लीला कळू नये म्हणून!

एका सोमवारी त्यातलं एक पान मी शर्टाच्या आत घातलं आणि कचेरीबाहेर मोडी वाचून देणारा एक नाना बसायचा त्याच्याकडं गेलो. नानानं चष्मा पुसला, पान उन्हात धरलं, उलटं धरलं, परत सुलटं केलं. शाई ताजी, त्याच्या अंगठ्याला निळी लागली. नाना म्हणाला, "लई जुनं हाय. संस्थानाच्या काळातलं."

"वाचा की."

नानानं घसा साफ केला. "पूर्वेस विहीर. पश्चिमेस गाडीवाट. दक्षिणेस चिंचेचं झाड."

"आणि उत्तरेस?"

नाना त्या तिरक्या रेघेपर्यंत आला होता. "उत्तरेचं वाळवीनं खाल्लंय," तो म्हणाला आणि पान घडी घालून माझ्या हातात दिलं.

मी तडक अण्णांच्या दारात. पान पुढं टाकलं आणि म्हटलं, "अण्णा, माझ्यापासनं लपवू नका. चिंच कुठं हाय बोला."

"कुठली चिंच?"

मी चतुःसीमा सांगितली. विहीर, गाडीवाट, सगळं. अण्णा ऐकत होते. मग त्यांच्या पोटातनं काहीतरी हलायला लागलं आणि ते असे हसले, असे हसले की इंदूआक्का परत धावत आली. "आता काय जळालं?" अण्णांना बोलता येईना. डोळे पुसत म्हणाले, "मिस्त्री, हे म्या काल रविवारी लिवलं. तुमच्यासमोर. ते शटरचा आवाज न्हवं का, त्याचं हे पान!"

मी म्हटलं, "मला म्हाईत हाय. नानाला कळतंय का बघायचं होतं."

आक्का गेली. अण्णांचं हसू थांबलं, पण डोळे पुसायचे थांबले नाहीत. मग उठले, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि वर्तमानपत्राचा एक पिवळा तुकडा काढून मला दिला. मी चष्मा शोधायचं सोंग केलं. तेव्हा त्यांनीच वाचला, कोर्टात वाचावा तसा.

"तमाम लोकांस कळविणेत येते की, माझा मुलगा नामे शिवानंद हा माझे सांगण्याबाहेर गेला असून यापुढे त्याचेशी माझा कसलाही संबंध राहिलेला नाही. सबब सदरची जाहीर नोटीस."

अण्णांची इच्छा मुलगा वकील व्हावा. "जन्मभर मी वकिलाच्या पायरीखाली बसलो, त्यानं वर बसावं," एवढंच. शिवू लॉ कॉलेज अर्धं टाकून बंगलोरला गेला. आवाज गोळा करतो, त्याचं गाणं करतो म्हणाला. अण्णांची बायको, गंगव्वा, तेव्हा वारली होती. "ती असती तर तिनं दौतच फेकून दिली असती," अण्णा म्हणाले. "असल्या नोटिसा म्या शेकड्यानं लिवल्यात मिस्त्री. बाप यायचा लालबुंद होऊन, मी लिवून द्यायचा. हात कधी थरथरला न्हाई. पोराची लिवताना बी न्हाई. उलट त्या दिवशी जे अक्षर आलं, तसं परत कधी आलं न्हाई."

शिवूनं उत्तर दिलं नाही. तीन वर्षांनी एक कॅसेट आली. आत चिठ्ठी नाही, वर नाव नाही, पत्ता टाइप केलेला, पाठीमागं बंगलोरच्या एका खोलीचा पत्ता. नुसता पत्रा फरफटल्याचा आवाज.

"मग तुम्ही लिवायचं की त्याला. 'ये' म्हणून. एक अक्षर तर हाय," मी म्हटलं.

"शब्दानं एकदा हाकललाय त्याला. आता कुठल्या तोंडानं शब्दानं बोलवू? त्यो आवाज करतोय, मी रेघोट्या मारतोय. दोघांचं बी त्यात काय चुकत न्हाई."

म्हणजे ती पानं बंगलोरला जात होती. आणि अण्णा शेवटी कोर्टातलेच, त्यामुळं साधं टपाल नाही, रजिस्टर पोचपावतीसह. मला म्हणाले, "पोच पाहिजे. पुरावा असतो." पेटीत त्या पोचपावत्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं बांधलेला. प्रत्येकीवर एकच सही, शि. म. कुडचे. अण्णांनी ती मला दाखवली. "मधला म माझा. मल्लाप्पाचा. त्यो गाळलेला न्हाई त्यानं अजून."

हे कळल्यावर मी रविवारी जरा जास्त लक्ष देऊन ऐकायला लागलो. पोराला ग्राइंडरचा आवाज चांगला भरता येत होता, हे मी सांगतो. कान बापाचा नव्हता, पण चांगला होता.

मग एक वर्ष असं आलं की दिवाळीनंतर कॅसेट आली नाही. पौष गेला, माघ गेला. अण्णांनी पाठवलेल्या शेवटच्या पानाची पोचसुद्धा आली नाही. अण्णा जुन्याच कॅसेटी लावून बसायचे, पण लिहायचे नाहीत. "ह्याचं उत्तर दिलेलं हाय," म्हणायचे. पोस्टमन गल्लीच्या तोंडाला दिसला की उगीच दारातला नसलेला केर काढायचे. पोस्टमन पुढं गेला की केरसुणी आत. इंदूआक्का एकदा मला हळूच म्हणाली, "नवा मिक्सर यायचा थांबल्यापासनं म्हातारा जेवत न्हाई बगा." मी म्हटलं, "बंगलोरला जाऊन या अण्णा." तर म्हणाले, "नोटीस देणाऱ्यानं जायचं नसतं. ज्याला दिली त्यानं ठरवायचं असतं." असला कायदा कुठं आहे मला माहीत नाही. पण हट्टी माणसाशी वाद घालायचा नाही, हा माझा नियम आहे. माझ्याशी कुणी घालत नाही ते त्यामुळंच.

शिमगा झाल्यावर पाकीट आलं. पत्ता टाइप केलेला, पाठीमागं पाठवणाऱ्याचा पत्ता बंगलोरचाच, पण नवा. पोरानं खोली बदलली होती, बाकी काही नाही. शनिवार होता. मी म्हटलं लावा. अण्णा म्हणाले, "रविवारी. चारला." आणि ती कॅसेट रात्रभर देव्हाऱ्यात लिंगापुढं ठेवली.

रविवारी मी साडेतीनलाच गेलो. अण्णांनी अंघोळ करून कपाळाला विभूती लावलेली. कागद मांडला, समास दुमडला. बटण दाबलं.

पत्रा नाही, बादली नाही. कितीतरी वेळ नुसती खरखर. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी कान लावला. मग आलं. टिक, टिक. आणि त्याच्यामागनं काहीतरी खरवडत, थांबत, वळत चाललेलं. परत टिक, टिक.

"कुठलं मशीन?" अण्णांनी विचारलं.

चाळीस वर्षं मी आवाज ओळखत आलो. पण हा सांगताना मला दम घ्यावा लागला.

"मशीन न्हवं अण्णा. टाक हाय. दौतीच्या काठावर दोनदा आपटतोय, तुमच्यागत. पोरानं लहानपणी शेजारी बसून ऐकलं असंल."

अण्णांच्या हातात टाक होता, शाईत बुडवलेला, आणि तो तसाच धरून ते ऐकत राहिले. कॅसेटवरचा हात सावकाश चालला होता, म्हाताऱ्या माणसाचा चालावा तसा. ते माझ्या ट्यूबच्या बेल्टामुळं. हे मी अण्णांना सांगितलं नाही, आजच इथं पहिल्यांदा सांगतोय.

कॅसेट संपली. बटण आपोआप वर आलं. कागद अजून कोरा होता, डावीकडं समास दुमडलेला, एवढंच. अण्णांनी टाक पुसला, दौतीला टोपण लावलं आणि तो कोरा कागदच पाकिटात घालायला लागले.

मी म्हटलं, "अण्णा, रेघ मारायची राहिली."

"असू द्या की मिस्त्री," अण्णा म्हणाले. "त्याला काय लिवायचं असलं तर जागा नको का?"