कैची मारलेला पट्टा

आमच्या भागीरथाला कारंज्याची मंडळी पाहायला आली, ते साल चौऱ्याहत्तर. अक्षरं मला चाळिशीनंतर आली, पण यंत्र नुसतं पाहून कळतं, असं तेव्हा सारं तळेगाव मानायचं. निदान मी तरी मानायचो.

भागीरथा माझी धाकटी बहीण. आधीची दोन स्थळं चहा पिऊन गेली ती गेलीच. म्हणून बाबांनी या खेपेला बेत केला, की पाहुण्यांना आधी खळ्यावरच आणायचं. सारं गाव ज्वारी उफणायला वाऱ्याची वाट पाहत बसलेलं, आणि आमच्याकडे इंजिनावरचा पंखा. पाहू द्या की!

पण पट्टा ढिला झालेला. इंजिन जोरात, आणि पंखा जेवून उठलेल्या म्हाताऱ्यासारखा.

"तानबा, पट्टा घसरून राह्यला. मिस्त्रीले बोलाव," बाबा म्हणाले.

"मिस्त्री काऊन? पुलगावच्या जिनिंगमधे पाह्यलं मी. मधात कैची मारली का ढील निघून जाते."

"बाबा, दादाले हात लावू देऊ नका," भागीरथा म्हणाली. "मागं यानं सायकल दुरुस्त केली, ते अजून ढकलतच नेते."

मी पट्टा उतरवला, एक पीळ दिला, पुन्हा चढवला. गच्च बसला.

तेवढ्यात पाहुणे आले. मुलगा सदाशिवराव, आणि त्याचे मामा नानाजी, कडक पांढऱ्या धोतरात. त्यांना पंख्याच्या मागे खाटेवर बसवलं, म्हणजे अंगावर कण उडायला नको. बाबा टोपलं घेऊन तिवईवर चढले. मी हँडल मारलं.

कैची मारली की पुढचं चाक उलटं फिरतं, हे जिनिंगमध्ये मी विचारलं नव्हतं.

बाबांनी सोडलेला सारा कोंडा पंख्यातून मागे आला. उन्हं उतरलेली. कोंडा सोन्यासारखा वर चढला आणि खाली यायचं विसरला. त्यात खाट तरंगत होती, खाटेवर नानाजी शिंकत होते, आणि त्या शिंकाही दुरून, झोपेतून आल्यासारख्या. इतकं सुंदर दिसत होतं, की इंजिन बंद करायचं मला सुचलंच नाही.

त्या पिवळ्या धुक्यातून भागीरथा तांब्या घेऊन आली. सदाशिवरावांच्या ओंजळीत पाणी घालत म्हणाली, "डोये चोळू नका, आधी धुवा. दादा, बंद कर ते."

"चाल रे सदा," नानाजी धोतर झटकत उठले.

सदाशिवराव उठले नाहीत. "मामा, मले पोरगी पसंत आहे."

पुढे बारा वर्षं मी प्रत्येक पंगतीत सांगत आलो, की हे लग्न माझ्या कैचीनं जुळलं. शेवटी एकदा त्यांनाच विचारलं, "जवाईबापू, खरं सांगा, त्या सोन्यासारख्या उन्हात भागीरथा कशी दिसत होती?"

"दिसते कुठची, तानबाजी? डोये कोंड्यानं भरलेले. नुसता आवाज आयकला. म्हटलं, साऱ्या खळ्यात अक्कल असलेलं हे एकच माणूस आहे, सोडाचं नाई."

सदाशिवराव त्याच्या पुढच्याच वर्षी, सत्त्याऐंशी साली, तान्ह्या पोळ्याला, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या दिवशी वारले. पंगतीत ही गोष्ट मी अजून सांगतो, पण आता त्यांच्या शब्दांत.