गाडी रोह्यास पोचली

रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात दानियलकाकांच्या फाटकावर एक सिग्नल होता. लाकडी, कमरेएवढ्या उंचीचा, लाल रंगाचा. त्याचा हात आडवा असेल तर आत जायचं नाही. पोस्टमन थांबे, दूधवाला थांबे. एकदा मतं मागायला आलेला उमेदवार चार माणसांसह भर उन्हात उभा राहिला होता. काका ओट्यावरून म्हणाले, "जरा दम खा, सायेब. गाडी अजून कासूला हाय."

ही गाडी म्हणजे काकांच्या परसातली. पेण ते रोहा, मधे कासू आणि नागोठणं.

मी कासूचीच. बाबा मिठागरात कामाला, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. रोज सकाळच्या पॅसेंजरने रोह्याला जायचं, अष्टमीतून चालत कुंडलिका नदीवरचा पूल ओलांडायचा. पहिल्या वर्षी कॉलेजने आम्हाला घरोघर माहिती गोळा करायचे फॉर्म दिले, आणि माझ्या वाट्याला अष्टमी आली. अनोळखी माणसाशी बोलायची मला सवय नव्हती. काकांच्या फाटकाशी सिग्नल आडवा दिसला, तेव्हा शहरात असंच असत असेल असं समजून मी निमूट उभी राहिले. बऱ्याच वेळाने हात खाली पडला.

"कुठली गो तू?"

"कासूची."

"मग आज सकाळची गाडी किती लेट?"

"वीस मिनिटं."

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बस मग. आपली पण वीस मिनिटं लेट."

खरी गाडी जितकी उशिरा, तितकीच काकांची. त्यात सवलत नाही. आलेल्या पाहुण्यांनी तोवर चहा प्यायचा आणि काकांचं 'क्रॉसिंग हाय, क्रॉसिंग' ऐकायचं. खरं तर त्यांच्याकडे गाडी एकच होती. क्रॉसिंग कोणाशी, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही.

काका रेल्वेत कधीच नव्हते. सुतार होते. आमच्या भागातल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी अष्टमीत उरलेलं त्यांचं एकच घर, आणि त्यात ते एकटे. प्रार्थना हिब्रूत करायचे आणि भांडायचे आमच्यासारखंच. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, सिग्नल दिवसभर आडवा. त्या दिवशी गाडी बंद, विचारायचं नाही.

रूळ छत्रीच्या काड्यांचे होते. आमच्याकडे मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. चाकं शिलाई मशीनच्या बॉबिनची, इंजिन पावडरच्या डब्याचं, आत जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर आणि दोन सेल. नागोठण्याच्या पुलाखालून अंबा नदी वाहायची ती मोरीच्या पाण्याची. शेजारच्या घरात कोणी आंघोळीला बसलं की अंबेला पूर यायचा, आणि काका भिंतीवरून ओरडायचे, "गो वैनी, जरा दमानं. पुलावर गाडी हाय."

पण सगळ्यात पाहण्यासारखे होते ते प्रवासी. काकांनी पेणजवळच्या जोहे गावच्या एका मूर्तिकाराला वीतभरापेक्षा लहान चाळीस माणसं करायला सांगितली होती. त्या माणसाने जन्मभर गणपती केलेले. त्याच्याकडे हाताचे साचे तयार होते, ते त्याने वापरले. त्यामुळे चारही स्टेशनांवर धोतरातले, लुगड्यातले, पॅंटीतले सगळे प्रवासी उजवा हात उचलून आशीर्वाद देत उभे. शिवाय सगळ्यांचे डोळे मोठे आणि पोटं सुटलेली. नागोठण्याचा हमाल तर इतका प्रसन्न दिसायचा की एका म्हातारीने त्याच्यापुढे फूल ठेवलं होतं.

"काका, हे आशीर्वाद देतायत," मी पहिल्या दिवशी चाचरत म्हटलं.

"आशीर्वाद नाय गो. हात दाखवतायत. आपलं माणूस गाडीतून यायचं असलं तर हात दाखवणार नाय?"

मग मी फॉर्म काढला. घरात माणसं किती?

"दोन," काका म्हणाले.

मी घरात नजर टाकली. एक खाट, एक खुर्ची, खुंटीवर एक सदरा.

"एक हजर," काका म्हणाले, "एक वाटेवर."

फॉर्ममध्ये वाटेवरच्या माणसासाठी रकाना नव्हता. मी पेन्सिलीने दोन लिहिलं आणि शाई पुढे कधीतरी फिरवू म्हणून ठेवून दिलं.

वीस मिनिटांनी गाडी सुटली. पेण, कासू, नागोठणं करत रोह्याला लागली. काकांनी लगेच एक जाड वही माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक पाहुण्याने त्यात एकच वाक्य लिहायचं: 'गाडी रोह्यास पोचली, मी स्वतः पाहिली.' खाली सही आणि गाव. तहसील कचेरीतल्या एका साहेबांनी 'स्तुत्य उपक्रम' असं लिहिलं होतं. काकांनी त्यांना खोडायला लावलं. "स्तुत्य नको. पोचली का नाय पोचली, तेवढं लिवा. आणि गाव. गाव नाय तर साक्षीदार कसला?"

संध्याकाळच्या गाडीला वेळ असला की मी त्यांच्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसू लागले. एकदा पाहिलं तर त्यांच्या कासू स्टेशनामागे चिमूटभर मिठाचा ढीग होता. "तुझ्या बापाचं मिठागर," ते म्हणाले. दमट हवेत ते मीठ विरघळून जायचं. काका स्वयंपाकघरातून नवी चिमूट आणून ठेवायचे.

मग हळूहळू मला कळलं की वहीची पानं मधून मधून कमी होतात. काका ती कापून इस्रायलला पाठवायचे, मोठ्या भावाला, शालोमभाऊंना.

भाऊ इस्रायलला गेले तेव्हा रोह्यात रूळ नव्हते. ते एसटीने निघाले. हातात ट्रंक, बगलेत छत्री. काका रडायला लागले म्हणून पायरीवरून म्हणाले, "रोह्याला गाडी आली की येतो." त्या वेळी रोह्याला गाडी येणार म्हटलं की लोक हसायचे. वीसेक वर्षांनी ती खरंच आली. काकांनी त्याच दिवशी पत्र टाकलं. भावाचं उत्तर आलं, "दान्या, तुझ्या थापा अजून तशाच."

"चूक माझीच," काका म्हणाले. "ल्हान असताना मी त्याला सांगितलेलं, कुंडलिकेत आगबोट आलीय. तो भर पावसात बंदरापर्यंत धावत गेला. तेव्हापासून माझ्या शब्दावर त्याचा भरवसा नाय. म्हणून साक्षीदार लागतात."

एवढी गावं, एवढ्या सह्या. तरी भाऊंच्या पत्रात दर वेळी, 'अजून थोडे साक्षीदार पाठव.' काका जोमाने पाहुणे बोलवायचे. मला वाटायचं, भाऊंना एव्हाना पटलेलं असणार.

गाडीत खिडकीशी एक प्रवासी वेगळा होता. तो जोह्याचा नव्हता, काकांनी स्वतः सागाचा कोरलेला. एका हातात ट्रंक, बगलेत छत्री. गाडी रोह्याला लागली की काका त्याला खाली उतरवायचे, बोटाने त्याची धूळ पुसायचे, क्षणभर फलाटावर ठेवायचे आणि पुन्हा पेणला नेऊन गाडीत बसवायचे. लोकांना हा गाडीच्या खेळातलाच भाग वाटे.

मी शेवटच्या वर्षाला असताना एका दुपारी सिग्नल खाली होता आणि गाडी मात्र पेणलाच उभी होती. काका ओट्यावर पत्र घेऊन बसले होते. अक्षर भाऊंचंच, फक्त ओळी खाली घसरलेल्या. काकांनी ते माझ्याकडे दिलं.

'दान्या, पहिल्या पानालाच मला पटलं होतं. पण गावांची नावं वाचायला बरं वाटायचं, म्हणून मागत राहिलो. आता डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात, ते काही बदलायचं नाही. तूही आता घर सोडून येऊ नकोस. तिथे कोणीतरी असू दे. मी तुझ्या गाडीने आलो असं धर.'

मी पत्राची घडी करून परत दिलं. कॉलेजात शिकलेलं काहीच उपयोगी पडलं नाही.

काकांनी विचारलं, "आजची गाडी किती लेट?"

"टायमावर होती, काका."

"मग आपण कशाला थांबायचं?"

त्यांनी गाडी सोडली. कासूच्या मिठापाशी ती जरा अडखळली, मग पुढे गेली. रोह्याला फलाटावरचे सगळे जण हात वर करून उभेच होते. काकांनी सागाच्या माणसाला उतरवलं, धूळ पुसली. या वेळी त्याला पेणला नेलं नाही. फलाटावरच्या त्या माणसांमधे, स्टेशनच्या बाकावर ठेवलं.

मग वही माझ्यापुढे आली. मी लिहिलं, 'गाडी रोह्यास पोचली, मी स्वतः पाहिली.' सही केली, गाव लिहिलं. काका तसेच उभे होते.

"अजून एक ओळ लिव. साक्षीदारानंच लिवायची."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. 'शालोमभाऊ उतरले.' आणि सवयीने पेन गावाच्या जागेवर थांबलं.

"गाव काय लिहू, काका?"

"विचारतेस काय गो," ते म्हणाले. "अष्टमी."