वसईला जाणाऱ्यांना गुणवंतरावांचा सल्ला

"पुढच्या सोमवारी आपण वसईले जाऊन राह्यलो," कमळाबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, आणि गुणवंतरावांचा घास जिथं होता तिथंच थांबला. त्याला वर यायला लाज वाटत होती आणि खाली जायला वाट नव्हती.

"काऊन?" घोटभर पाणी पिऊन त्यांनी विचारलं.

"माह्या भाच्याच्या, मंगरूच्या पोराचं बारसं हाये तिथी. आत्याले जाच लागते. अन् तुमी सोबत असल्यावर मले भेव कायचं? तुमचं तं पाह्यलेलं गाव."

अडचण नेमकी तीच होती.

गोंडपिपरीत कोणी परगावी निघाला, की आधी गुणवंतरावांच्या ओट्यावर येऊन सल्ला घ्यायचा अशी रीत पडली होती. कारण गावात समुद्र पाहिलेला माणूस तो एकच. ऐन तारुण्यात गुणवंतराव बापाशी भांडून घरातून निघून गेले होते. महिनाभरानं परत आले तेव्हा, "कुठी होता बे?" या प्रश्नाला त्यांनी "वसईले" असं उत्तर दिलं. समुद्राच्या काठावरचं, परकोटाच्या, म्हणजे तटाच्या भिंतीच्या, आत वसलेलं जुनं शहर.

खरं तर ते चांद्याच्या, म्हणजे जिल्ह्याच्या गावाच्या, पुढं गेलेच नव्हते. पठाणपुरा दरवाज्याजवळ चुलतभावाकडं त्यांनी तो महिना काढला होता. पण चांद्यालाही परकोट आहेच. त्या साली इरई नदीला पूर येऊन पाणी भिंतीला लागलं होतं. शिवाय शेजारी राहणारा लाकडाच्या ठेकेदाराचा मुनीम वसई पाहून आलेला होता. म्हणजे परकोट डोळ्यांनी पाहिला, पाणी डोळ्यांनी पाहिलं आणि वसई कानांनी ऐकली. आता गाव तेवढं दुसरं होतं म्हणून कोणी माणसाला खोटारडा म्हणत नाही.

"परकोटाच्या गावात माणूस चुकतच नाई," गुणवंतराव सांगत. "उजवा हात भितीले लावाचा अन् चालत राहाचं. जिथून निंगाला तिथीच येते. अन् दिवे लागाच्या आंधी दरवाज्याच्या आत पायजे, नाई तं रात बाहेर." हे सगळं चांद्याचं. "समुद्राचं पाणी खारं असते, पण सूर्य निंगाच्या आंधी भरलं तं गोड लागते." हे कुठलंच नव्हतं, एका संध्याकाळी ते आपोआप तोंडातून निघालं होतं. "अन् काठावर गठुडं ठेवून खुशाल आंग धुवा. समुद्र का कुठी पळून जाते?" हे मात्र गावच्या तलावाकडं पाहून सुचलेलं.

गोंडपिपरीहून वसईला कोणीही जात नसे, हा या सल्ल्याचा सगळ्यात मोठा गुण होता. त्याच्या बळावर दादाजी पाटलांच्या बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, पाटलांच्या मांडीला मांडी लावून बसायचा मान गुणवंतरावांना मिळाला होता. बाकीचं गाव खाली बसून बंगईचं कुरकुरणं ऐके. गुणवंतरावांच्या नावावर शेत होतं, घर होतं, बैलजोडी होती. पण आपलं खरं उत्पन्न म्हणजे बंगईवरची ती वीतभर जागा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी आधी कंबर धरली. कमळाबाईंनी कोंडा गरम करून शेक दिला, तो इतका कडक की कंबर आपणहून बरी झाली. मग त्यांनी धानाच्या कापणीचं निमित्त काढलं.

"कापणी होऊन आठ दिस झाले जी," कमळाबाई म्हणाल्या. "धान तुमच्या पाठीमागं रचून ठेवलं हाये."

तेवढ्यात शेजारचा इस्तारी ओट्यावर आला. इस्तारी गावच्या तलावात मासे धरणारा, आणि पोटात गोष्ट न ठेवणारा.

"भाऊ, मी बी येतो. जलम तलावात गेला. एक डाव समुद्र दाखवा ना."

गुणवंतरावांना आता खरा घाम फुटला. बायको ही घरची साक्षीदार, तिला समजावता येतं. इस्तारी अख्ख्या गावाचा साक्षीदार होता.

राहिलेलं काम दादाजी पाटलांनी केलं. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. त्यामुळे समुद्र आता आपल्याच राज्यात आला, असं पाटील म्हणत. त्यांनी एक रिकामी बाटली गुणवंतरावांच्या हातात ठेवली.

"सूर्य निंगाच्या आंधीचं पाणी आणजो, गुणवंत. गोडवालं. पाह्यलं पायजे एक डाव."

वसईच्या स्टेशनावर उतरल्यापासून गुणवंतरावांनी एकच वाक्य हाताशी ठेवलं: "गाव लय बदललं." टांगेवाल्यानं भाडं सांगितलं तेव्हा गाव बदललं होतं, मंगरूचं घर किल्ल्याच्या बाहेर कोळ्यांच्या वस्तीला लागून निघालं तेव्हाही बदललं होतं. दुपारी मंगरूनं सगळ्यांना किल्ल्यात नेलं. परकोट होता, पण आत शहर नव्हतं. मोडकी देवळं, पडक्या कमानी, ताडाची झाडं आणि चार बकऱ्या.

इस्तारीनं सगळीकडं मान फिरवली. "भाऊ, लोकं कुठी गेले?"

"मी होतो तवा होते," गुणवंतराव म्हणाले.

"मामाजी, दोनशे वर्सांपासून असंच पडून हाये मनतात हे," मंगरू म्हणाला.

गुणवंतरावांनी एका कमानीकडं बराच वेळ रोखून पाहिलं. "मी त्या बाजूनं आलो होतो," ते म्हणाले. त्या बाजूला बाभळीचं दाट रान होतं, त्यामुळे कोणी पुढं विचारलं नाही. कमळाबाईंनी पदर नीट केला आणि उजवा हात भिंतीला लावला. "चला. चुकाचं नाई," त्या म्हणाल्या. भिंत दोन ठिकाणी पडलेली होती, एका ठिकाणी वडाच्या मुळांत शिरलेली होती; तरी हात न सोडता त्या चालत राहिल्या आणि मंडळी खरोखरच समुद्राच्या दरवाज्यात येऊन पोचली.

समोर समुद्र होता. काठोकाठ. भिंतीच्या पायाला हलकेच थापा मारत होता. इस्तारी मटकन खाली बसला.

"याचा दुसरा काठ कुठी हाये भाऊ?"

"हाये," गुणवंतराव म्हणाले, आणि त्या दिवशीचं त्यांचं हे सगळ्यात धाडसी विधान ठरलं. आपण वाचलो, असं त्यांना वाटलं. समुद्र सांगितला होता तसाच निघाला होता. आता सकाळी बाटली भरायची, दुपारी बारसं जेवायचं आणि गाडीत बसायचं.

सकाळी उजाडताना तिघं बाटली घेऊन काठावर आले. बारशाचा आहेरही कमळाबाईंनी गठुड्यात बांधून सोबत घेतला होता, कारण मंगरूच्या घरात पाहुणे फार. झबलं होतं, टोपडं होतं आणि आईनं दिलेल्या चांदीच्या पाटल्या मोडून घडवलेला करदोडा होता.

काठ होता. समुद्र नव्हता.

जिथं काल पाणी होतं तिथं दूरपर्यंत काळा चिखल चमकत होता. नावा कुशीवर पडल्या होत्या, उन्हाळ्यात म्हशी पडतात तशा. अगदी लांब, आभाळाच्या बुडाशी पाण्याची एक रेघ तेवढी उरली होती.

इस्तारी ओरडला, तो सगळ्या वस्तीला ऐकू गेला.

"धावा रे, धावा. तुडुम फोडलं कोनंतरी."

आता ज्यांच्या गावाला तलाव नाही त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, पाणी वाटणाऱ्या पाणकरानंच उघडायचं असतं. दुसऱ्यानं चोरून उघडलं, तर खालच्या सगळ्या धानाचं वाटोळं होतं आणि गाव काठ्या घेऊन धावतं. गुणवंतराव पाणीवाटपाच्या पंचांपैकी एक होते. परगाव असो की स्वगाव, ही बेबंदशाही त्यांना पाहवेना. कोणी बुडालं म्हणून कोळी बायामाणसं धावत आली, त्यांच्यापुढं ते छाती काढून उभे राहिले.

"पाणकर कोन हाये तुमचा?"

कोळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पाणी कुठी गेलं, विचारून राह्यलो मी."

"ओहोटी आहे काका," बोंबलांच्या टोपलीवर हात ठेवून एक बाई म्हणाली. "गेलंय. येईल."

"कोन आणते?"

"कोन आणणार? आपलं आपण येतं."

"असं म्हणते काय," गुणवंतराव म्हणाले. चोराला पाठीशी घालणारं गाव त्यांनी याआधीही पाहिलं होतं. बाई हसत टोपली उचलून निघून गेली, आणि तिच्यामागं सगळी वस्ती हसत गेली.

पण तलाव रिकामा झालाच आहे, तर पुढची रीतही ठरलेली असते: पाणी उतरलं की मासे ज्याच्या हाती लागतील त्याचे. इस्तारीनं धोतर खोचलं आणि तो चिखलात शिरला. खेकडे धरता धरता तो सुपारीएवढा दिसू लागला. बाटली भरायला पाणी हवं आणि पाणी लांब, म्हणून नवराबायकोही त्या रेघेच्या दिशेनं चालू लागली. पाण्याच्या काठाशी पोचल्यावर कमळाबाईंनी नवऱ्याचा सल्ला आठवून गठुडं एका सपाट खडकावर नीट ठेवलं आणि दोघं अनवाणी बाटली भरायला वाकली.

बाटलीत आधी चिखल आला, मग शिंपला आला, मग पुन्हा चिखल. त्या खटपटीत गुणवंतरावांच्या लक्षात आलं की पाणी घोट्यापर्यंत होतं ते पोटरीपर्यंत आलं आहे. कमळाबाईंनी मागं वळून पाहिलं.

"जी, काठ कुठी गेला?"

काठ मागं सरकला होता. खडक निम्मा बुडाला होता आणि गठुडं त्याच्यावर कोंबडीसारखं बसलेलं दिसत होतं.

"तू निंग," गुणवंतराव म्हणाले. कमळाबाई लुगडं सावरत इस्तारीच्या हाका ऐकू येत होत्या त्या दिशेनं निघाल्या. स्वतः गुणवंतराव खडकाकडं वळले. त्यांनी आयुष्यात बंगईवरून पुष्कळ पाणी पार केलं होतं; हे पहिलंच खरं. मांडीपर्यंत, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत ते आत गेले. गठुडं एकदा हललं, खडकावरून सुटलं आणि तरंगू लागलं. त्यांनी त्याला झडप घालून कवटाळलं. जवळच, जरा उंचवट्यावर, एक नाव कुशीवर पडलेली होती. मोडकी दिसतेय, निदान हलणार तरी नाही, असा विचार करून ते तिच्यात चढून बसले.

थोड्या वेळानं नाव सरळ झाली. आणखी थोड्या वेळानं ती हलली.

बारशाला सगळे पाहुणे जमले तेव्हा मंगरूचे मामाजी नांगरलेल्या नावेत, एका दोरीच्या टोकाला, समुद्रात, एकटेच हेलकावे खात बसले होते. टोपलीवाल्या बाईचा नवरा होडी घेऊन गेला आणि त्यानं त्यांना काढून आणलं. ओल्या धोतरानं त्यांनी पाळण्यात करदोडा ठेवला. कमळाबाईंनी तो पदरानं पुसला, पोराच्या कमरेला बांधला आणि नवऱ्याकडं पाहिलं.

गुणवंतरावांचं मात्र पाहुण्यांकडं लक्षच नव्हतं. ते खिडकीतून समुद्राकडं बघत होते. तो पुन्हा भिंतीला टेकला होता, जसं काही झालंच नाही. परतीच्या गाडीत ते मनातल्या मनात शब्द जुळवत होते. सांगायला आता खरीखुरी गोष्ट होती, आणि ती आजवर सांगितलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा मोठी होती.

परत आल्यावर पाटलांच्या अंगणात अख्खं गाव जमलं. कमळाबाईंनी बाटली पुढं केली. पाणी नितळ होतं. पाटलांनी घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि मान हलवली.

"गोड हाये."

"सूर्य निंगाच्या आंधीचं," लोक म्हणाले. निघायच्या सकाळी कमळाबाईंना बाटली घेऊन मंगरूच्या विहिरीकडं जाताना गुणवंतरावांनी पाहिलं होतं. मग घसा साफ करून त्यांनी सुरुवात केली.

"दादाजी, समुद्र जाते."

"कुठी?"

"निंगून जाते. सगळाच्या सगळा. अन् मंग वापस येते. रोज."

बंगई थांबली.

"तुडुम किती मोठं हाये?" पाटलांनी विचारलं.

"तुडुम नाई."

"पाणकर?"

"कोनीच नाई. आपल्या आपण जाते, आपल्या आपण येते."

कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं. लोक एकमेकांकडं न पाहता तंबाखू मळू लागले. पाटलांनी इस्तारीकडं मान वळवली. इस्तारीला काठावर हसणारी ती सगळी वस्ती आठवली.

"मी खेकडे धरून राह्यलो होतो," तो म्हणाला. "माह्यं तिकडं ध्यान नोतं."

पाटलांनी गुणवंतरावांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "गाडीची दगदग झाली असन," ते हळूच म्हणाले, आणि आत वळून गड्याला सांगितलं, "भाऊसाठी स्टूल आण रे. बंगईवर त्यायले चक्कर येईन."

स्टूल आलं. इतकी वर्षं सांगितलेलं खोटं ज्या जागेनं मुकाट्यानं झेललं होतं, ती जागा एका खऱ्या वाक्यात गेली. गुणवंतराव उठले आणि स्टुलावर बसले.

"पाणकर हाये तिथी," दाराशी उभ्या कमळाबाई म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"यायले दिसला नाई, हे नावेत होते. उंच हाये, खाकी टोपी घालते. सकाळी सोडते, दुपारी बंद करते. बाया त्याले भाकर नेऊन देतात."

अंगणात सुटकेचा श्वास फिरला.

"सरकारी असन," पाटील म्हणाले.

"तं काय. सरकारीच."

"असं सांग ना बाई. एवढं पाणी का बेवारस राहाते?" पाटील बंगईवर थोडे सरकले. "ये, इथी बस. सांग बरं सगळं."

घरी जाताना गुणवंतरावांनी विचारलं, "मी पहिले वसईले गेलो नोतो, हे तुले कवापासून मालूम?"

"लग्नातच. चांद्याच्या तुमच्या वहिनीनं हळद लावता लावता सांगतलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगत लय बरं होते जी."

दुसऱ्या दिवशी पाटलांचे व्याही नागपूरला निघाले होते. रिवाजाप्रमाणे ते आधी गुणवंतरावांच्या ओट्यावर आले. गुणवंतरावांनी पाय सावरले, खाकरले आणि उजवा हात उचलला.

"बसा, व्याहीबुवा. परगावी गेल्यावर पहिली गोष्ट..."

"हो भाऊ," व्याही वहाणा काढता काढता म्हणाले. "बाई घरी हायेत का?"