उम्म नाइफच्या चुलीला तेल लागलं

शुक्रवारी दुपारी डोक्याचा रुमाल नीट करत रुदैना जिन्याखाली वाकली आणि तशीच राहिली. तिचे दगड गायब होते.

रुदैना कराक या अरब शहराजवळच्या मुलींच्या हायस्कुलात भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र शिकवायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. गणिताच्या बाईंना लोक वचकतात, इंग्रजीच्या बाईंना जेवायला बोलावतात आणि भूशास्त्राच्या बाईंना विचारतात, "म्हणजे नकाशे काढायचे ना?" घरात तर तिच्या विषयाचं नावच 'दगडधोंडे' असं पडलं होतं. हे दगड तिनं लज्जूनच्या दरीतून स्वतः उचलून आणले होते. काळपट, चपटे, दिसायला अगदी गरीब. पण पोटात तेल मुरलेलं, त्यामुळे पेटवले की जळणारे. डुलक्या काढणाऱ्या मुलींसमोर दगड पेटवून दाखवायचा, हा तिचा वर्षभरातला एकमेव हुकमाचा एक्का.

"आई, जिन्याखालचे माझे दगड कुठं गेले?"

"चुलीला लावले," सासूबाई, म्हणजे उम्म नाइफ, अंगणातूनच म्हणाल्या. "काय सुरेख बसलेत गं! एवढं मोठं पातेलं, पण जरा म्हणून डगमगत नाही."

"अहो, ते शाळेचे आहेत!"

"मग काय झालं? शाळेत दगडांचा दुष्काळ पडलाय?"

आज घरात भांडणाला सवड नव्हती. रुदैनाच्या नणंदेला, शुरूकला, मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी आली होती. अंगणात आंबट ताकाच्या रश्श्यात मन्सफचं मटण रटरटत होतं. आत बैठकीत सासरे अबू नाइफ नवा पायघोळ झगा घालून ताठ बसले होते. नवरामुलगा मोअताज पाणीखात्यात कारकून. ठरण्याजोगं सगळं आधीच ठरलेलं होतं; आज फक्त रीत पार पाडायची होती.

रीतीप्रमाणे मुलाचे चुलते हाजी मिफ्लेह यांच्यापुढं कॉफी आली. रीतीप्रमाणे त्यांनी तो चिमुकला पेला जमिनीवर ठेवला आणि खाकरून म्हणाले, "आमचं मागणं मान्य होईपर्यंत आम्ही या कॉफीला ओठ लावणार नाही."

आता अबू नाइफनी एवढंच म्हणायचं होतं, "प्या कॉफी, मुलगी तुमची." त्यांनी तोंड उघडलंही, पण तेवढ्यात अंगणातून किंकाळी आली.

चुलीचे दगड पेटले होते. काळाकुट्ट धूर, रॉकेलचा उग्र वास. उम्म नाइफनी घाबरून तांब्याभर पाणी ओतलं, तसा धूर दुप्पट झाला. शेजारच्या भिंतीवरून उम्म रायदनं डोकं वर काढलं, नाक फेंदारून दोनदा हुंगलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं बाई! अबू नाइफच्या अंगणात तेल लागलं!"

आग लागली असं ती म्हणाली असती, तर चार माणसं पाणी घेऊन आली असती. तेल लागलं म्हटल्यावर सबंध गल्ली रिकाम्या हातानं आली. कोणी अबू नाइफच्या गळ्यात पडलं, कोणी नातं काढलं. ही जमीन ज्यानं त्यांना विकली होती, तो मावसभाऊ डोक्याला हात लावून उंबऱ्यावरच बसला.

अबू नाइफ अंगणात गेले, जळता दगड पाहिला आणि परत येऊन बैठकीत बसले. पण गेलेला माणूस आणि आलेला माणूस यांत फरक पडला होता.

"हं," ते लोडाला रेलून म्हणाले, "मुलगा काय करतो म्हणालात?"

हाजी मिफ्लेहनी चमकून पाहिलं. "पाणीखात्यात आहे. तुम्हाला ठाऊक आहे की!"

"पाण्याचं काय हो! पाणी कुठंही मिळतं," अबू नाइफ म्हणाले. ज्या गावात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तिथं हे वाक्य ऐकून पाहुण्यांपैकी एकाला ठसका लागला. "जरा विचार करू. घाई काय आहे?"

कॉफी निवू लागली. माजघरात शुरूकनं रुदैनाचा हात गच्च धरला. तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं.

"वहिनी, तुमच्याच दगडांनी घात केला. आता तुम्हीच निस्तरा!"

रुदैनानं सासऱ्यांना दाराशी बोलावलं. "बाबा, आपल्या अंगणात तेलबिल काही नाही. ते दगड मी लज्जूनहून आणलेत. मुलींना दाखवायला."

"कशावरून?"

"प्रत्येकावर मी चिठ्ठी चिकटवली होती."

"कुठाय चिठ्ठी?"

"जळाली."

"वा!" अबू नाइफ म्हणाले. "तू मुलींना नकाशे शिकव, सूनबाई. तेलाचं आम्ही बघतो."

रुदैनाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी गल्ली तिच्या विषयावर बोलत होती, आणि त्यातला एकही माणूस तिचं ऐकायला तयार नव्हता. खडकाचे थर, त्यांचं वय, दाब, उष्णता, सगळं तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते तिनं गिळलं. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीला शिकवतात तशा शांत आवाजात ती म्हणाली,

"बरं, तुमचंच खरं धरू. तेल आहे. मग ते कोणाचं?"

"माझं!"

"जमिनीखालचं सगळं सरकारचं असतं, बाबा. दहावीच्या पुस्तकात आहे. सरकारी माणसं येतील, मोजणी करतील, यंत्र लावतील."

"कुठं लावतील?"

"तेल जिथं असेल तिथं. म्हणजे चुलीपाशी. तिथून ऑलिव्हची झाडं किती लांब आहेत?"

अबू नाइफनी खिडकीतून पाहिलं. त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली झाडं चुलीपासून हाकेच्या अंतराइतकीही लांब नव्हती. फांदीच चुलीवर आली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"आणि घर?"

"ते मी कशी सांगू? मी फक्त नकाशे शिकवते."

पुढच्या क्षणी अबू नाइफ बैठकीत होते. "प्या कॉफी! मुलगी तुमची! प्या, प्या, निवतेय!" मग दाराकडं वळून गल्लीवर कडाडले, "कसलं तेल घेऊन बसलात? आमच्या सूनबाईच्या शाळेचे दगड आहेत ते, लज्जूनचे! शिकलेली बाई आहे ती. तिला विचारा!"

हाजी मिफ्लेहनी गार कॉफी एका घोटात संपवली. स्त्रियांनी माजघरातून आनंदाची किलकारी दिली. मटणाला रॉकेलचा किंचित वास येत होता, पण पाहुण्यांनी बोटं चाटून खाल्लं. निघताना हाजी मिफ्लेह रुदैनाजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मुली, असले दगड आमच्याही मळ्यात आहेत. कोणाला बोलू नकोस हं."

गल्लीनं मात्र अबू नाइफच्या ओरडण्याचा आपल्या सोयीचा अर्थ काढला: अबू नाइफ तेल लपवताहेत, आणि खरी पारख त्यांच्या सुनेला आहे.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपवून रविवारी शाळा उघडली, तेव्हा रुदैना रिकाम्या हातानं वर्गात शिरली. पाहते तर एकही मुलगी डुलक्या घेत नव्हती. सगळ्या ताठ बसल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या बाकावर एकेक दगड होता.

"मिस, आधी माझा!"

"मिस, माझ्या आजोबांनी सलाम सांगितलाय!"

हे दगड घरच्यांनीच पाठवलेत, हे रुदैनाला कळत होतं; तरी तिला भरून आलं. तिनं एकेक दगड हातात घेतला. ही चुनखडी. ही गारगोटी. हा तर विटेचा तुकडा. पण आजवर पाठ न झालेली नावं मुली भराभर लिहून घेत होत्या, "हा का जळत नाही?" म्हणून भांडत होत्या. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना.

शेवटच्या बाकावरून बुसैना आली. तिचा तुकडा काळाभोर, जड आणि तेलाच्या वासानं घमघमत होता. रुदैनानं काडी लावली, तसा तो लगेच धुरकट ज्योतीनं पेटला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

"वडील काल दिवसभर खणत होते, मिस," बुसैना अभिमानानं म्हणाली. "आमच्या फाटकासमोर. फार खोल जावंच लागलं नाही, वरच थर होता! आता म्हणतात, पलीकडच्या वळणापर्यंत खणायचं."

रुदैनानं तो तुकडा उलटा केला. खालच्या बाजूला खडी होती आणि वर पांढऱ्या रंगाचा सरळ पट्टा.

"सांगा ना मिस, काय लागलंय आम्हाला?"

"रस्ता," रुदैना म्हणाली.