हजेरी पहिल्या मजल्यावर

रविवारी ऑफिसचं ॲप उघडायचं नाही, हा अक्षताचा नियम होता आणि दोन वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. कंपनीने स्नेहमेळावा मुद्दाम रविवारी ठेवला, तेव्हा तर तिने तो आणखी घट्ट केला.

"बोलावलंय, म्हणून जाईन. मेसेज मात्र वाचणार नाही," तिने आईला बजावलं.

"मग फोन कशाला नेतेस?"

"वेळ बघायला."

घरून काम करणाऱ्या सोळा माणसांची ती कंपनी. कॉलवर सगळ्यांचे कॅमेरे बंद, त्यामुळे कोणी कोणाला पाहिलेलंच नव्हतं. मॅनेजर देवव्रत म्हणजे अक्षताच्या लेखी बर्फाच्या डोंगराचा एक फोटो आणि अधूनमधून खोकला. त्याच देवव्रतने महिनाभरापूर्वी मेल धाडला होता : आपल्यात आपुलकी उरलेली नाही, सबब सर्वांनी रोज अंधेरीच्या ऑफिसात यावं का, यावर मेळाव्यात हात वर करून मतदान होईल. पारंपरिक पोशाखात, कुटुंबासह या. घाटकोपरचा हॉल, पहिला मजला.

मुलुंड ते अंधेरी, जाऊन-येऊन दोन तास पन्नास मिनिटं. अक्षताने चार वेगवेगळ्या वारी मोजून सरासरी काढली होती, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीला एका मोजणीवर विश्वास ठेवणं जमत नाही. त्याच दोन तास पन्नास मिनिटांत ती रोज पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. परीक्षा तीन महिन्यांवर होती. त्यातलं एक मिनिटही द्यायचं नाही, असं ठरवून ती नऊवारी नेसली, काखेत आलेखाची गुंडाळी मारली आणि लढायला निघाली.

ॲप उघडलं असतं, तर तिला कळलं असतं की पहिल्या मजल्याचा एसी सकाळीच बंद पडला. देवव्रतने आरडाओरडा करून दुसरा मजला मिळवला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या एका मालवणी ग्रामस्थ मंडळाला खाली पाठवण्यात आलं.

पहिल्या मजल्यावर पंखे गरगरत होते. आज्या, काकू, धोतरातले आजोबा, पळणारी पोरं. 'कुटुंबासह' हे लोकांनी फारच मनावर घेतलेलं दिसत होतं. दारातल्या एका काकूंनी तिच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली.

"मी वनमाला. तू खंयच्या वाडीतली गो?"

अक्षता क्षणभरच थबकली. कंपनीत आधी 'टीम' होती, मग तिचं 'स्क्वॉड' झालं, दिवाळीनंतर 'पॉड'. आता वाडी.

"क्वालिटी," ती म्हणाली.

"ती खंय इली?" वनमालाकाकूंनी विचारलं; पण तेवढ्यात माईक किंचाळला.

"मंडळी, बसून घेवा!" स्टेजवरचे जाडजूड गृहस्थ म्हणाले. मागून कोणीतरी ओरडलं, "लवूकाका, माईक तोंडाकडे धरा!" लवूकाका खोकले. अक्षताने खोकला ओळखला. अगदी देवव्रतचाच.

"आपली माणसां एकमेकांका विसरली," लवूकाका म्हणाले. "फोनावर बोलून आपुलकी रवणा नाय. म्हणान पुढल्या महिन्यापासून सगळ्यांनी वाकोल्याच्या जागेत येऊक व्हया. हजेरी सक्तीची! कोणाक काय बोलूचा असात तर आताच बोला."

अंधेरी नाही, वाकोला? बदलली असेल जागा. पण मुद्दा तोच होता. अक्षता उठली, स्टेजवर गेली आणि आलेखाची सुरळी सोडली. खालचं टोक धरायला वनमालाकाकू धावल्या.

"काका, सक्ती कशाला? माणूस खुर्चीत बसला म्हणजे जवळ आला का? ही रेघ बघा, हा प्रवास. ही दुसरी, काम. दोन वर्षांत माझ्या कामात हजारी तीन चुका. प्रवास वाढला की चुका वाढतात. आणि तो वेळ माझा आहे. मला शिकायचंय. तुम्ही पुन्हा विचारलंत तरी माझं उत्तर 'नाही'च असेल!"

मग वनमालाकाकूंनी आलेख सोडून टाळ्या वाजवल्या.

"खरा बोलता चेडू! चार वर्सां सांगतंय, फोनावर घेवा बैठक. आमका घरात कामां नसतत?"

"ह्या धाकूआजोबांक कोण सांगतला?" लवूकाका कुरकुरले. "ठराव त्येंचो. आणि तेच अजून इले नाय."

हात वर झाले. अक्षताने स्वतः दोनदा मोजले; 'कुटुंबासह' म्हणजे कुटुंबालाही मत, असं तिने धरलं. सक्तीच्या बाजूने बावीस, विरोधात तेवीस.

"झकास!" ती ओरडली.

"पण गो, तू कोणाची?" लवूकाकांनी वहीत डोकं घातलं. "क्वालिटी नावाची वाडी आपल्या गावात नाय हा."

"आपल्या गावात?"

दोन वर्षांत पहिल्यांदा अक्षताने रविवारी ॲप उघडलं. वाचलं. आणि नऊवारी सावरत जिना चढू लागली.

वर एसीत चौदा माणसं डोळे पुसत बसली होती. त्यांच्यासमोर पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा माईक धरून उभे होते.

"गिरणी बंद पडली त्येका किती वर्सां झाली! पण माझ्या खात्यातलो दोस्त अजून मानखुर्दाक घरी येता. कित्याक? रोज एका डब्यात जेवलो म्हणान. भेटा रे बाबांनो, भेटा!"

"विद्याधर सर, तुम्ही जिंकलंत!" म्हणत एका सडपातळ तरुणाने नाक शिंकरलं. "ठराव मंजूर. आठ विरुद्ध सात. उद्यापासून सगळे अंधेरीला."

"थांबा!" अक्षता दारातून म्हणाली. "हे आपल्या कंपनीतले विद्याधर नाहीत."

"कॅमेरा कधी लावलाच नाही त्यांनी, मग तुला कसं माहीत?" तरुणाने विचारलं. म्हणजे हाच देवव्रत. त्याला साधा खोकलाही नव्हता.

"मी धाकू," आजोबा म्हणाले. "ह्यो विद्याधर कोण? मी आपलो आमच्या मंडळाच्या बैठकीत इलंय, असा समाजलंय. नवी पोरां शहरी बोलतत, म्हणान गप रवलंय."

"यांनी मत दिलं?" अक्षताने विचारलं.

"हो, बाजूने," देवव्रत म्हणाला.

"मग ते काढा. सात-सात. आता माझं धरा. सात विरुद्ध आठ. ठराव पडला."

"अगं, पण भावना..."

"भावनांना हात नसतात, सर. मोजता येत नाहीत."

मागच्या ओळीतून कोणीतरी शिट्टी मारली. देवव्रत खाली बसला. धाकूआजोबा मात्र बारीक डोळे करून तिच्याकडे बघत होते.

"खाली माझ्या ठरावाचा काय झाला?"

"पडला. बावीस-तेवीस."

"तेविसावा कोण?"

"...मी."

"म्हणजे माझी बैठक तू बुडवलंस! तुझो न्याय तुकाच लाव. तुझा मत काढ, माझा धर."

बावीस-बावीस. मग तेवीस-बावीस. दोनदा मोजायची गरज नव्हती. खाली वाकोल्याची सक्ती मंजूर झाली आणि जिन्यात वनमालाकाकूंचा आवाज घुमला, "म्हाताऱ्यान वाट लावली गो!"

"पयलो रविवार, दहा वाजता," धाकूआजोबा जिना उतरताना म्हणाले. "तू येतलंस मा?"

"मी कशाला? मी तुमच्या गावची नाही. आणि सक्ती तर मुळीच ऐकणार नाही."

"तुका सक्ती नाय. पण उलट बोलणारा माणूस आमच्यात एकच, वनमाला. तिका जोडीदार व्हयो. जेवाण असता. मासे."

सोमवारी कंपनीचा फॉर्म आला. 'मेळाव्यात किती नव्या ओळखी झाल्या?' अक्षताने लिहिलं : पंचेचाळीस. 'पैकी आपल्या कंपनीतील?' तिने थोडा विचार केला. उत्तर अचूक हवं.

एक, तिने लिहिलं. धाकूआजोबा. चाळीस मिनिटं कंपनीत होते.

शेवटचा प्रश्न होता : 'पुढच्या मेळाव्याला याल का?'

'नाही,' तिने टाइप केलं. 'रविवारी मी वाकोल्याला असते.'