ड्रोनला बांधलेला दोरा

प्रफुल्लचं पार्सल मी घेतलं नसतं, तर आज सिडकोत लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघत नसते. पण प्रफुल्ल आमचा शेजारी, दिवसभर ऑफिसात, आणि माझी पिठाची गिरणी त्यांच्या जिन्याखाली. कुरियरवाला दुसऱ्या कोणाला देणार? (माझी बायको छाया म्हणते, की तो बेल दाबायच्या आधीच मी सही करून मोकळा होतो. ते खरं आहे.)

खोका हलका होता. मी तो हलवून पाहिला, कानाला लावून पाहिला. संध्याकाळी प्रफुल्ल आला तेव्हा त्याच्याबरोबर वर गेलो, म्हणजे त्याला एकट्याला उघडावा लागू नये. आत निघाला ड्रोन. कॅमेऱ्याचा. चार पंख्यांचा, करडा, पाय पसरून बसलेल्या नाकतोड्यासारखा.

"काका, हात नका लावू," प्रफुल्ल म्हणाला. तो स्वतःही लावत नव्हता.

पुढं कितीतरी दिवस तो ड्रोन कपाटातच राहिला. प्रफुल्ल रोज तो काढायचा, पुसायचा आणि परत ठेवायचा. मग रिमोट धरून, डोळे मिटून नुसतेच अंगठे हलवायचा. (आमच्या गॅलरीतून त्यांचा हॉल दिसतो, आणि माणसाला नजर कुठंतरी ठेवावीच लागते.) शेवटी त्याची बायको वैष्णवी दळण घेऊन आली तेव्हा म्हणाली, की काका, यांना जरा धीर द्या. रोज नकाशा बघतात. इकडे लष्कर, तिकडे नोटांचा छापखाना, पलीकडे विमानतळ, उडवू कुठं म्हणतात. तिला विचाराल तर जागेचं निमित्त, त्याला नुसती भीती वाटत होती.

धीर देणं हे माझं आवडतं काम. मी गिरणी बंद केली आणि वर गेलो.

खरं दुखणं चहाबरोबर बाहेर आलं. वैष्णवीचं माहेर नांदगावकडचं. तिच्या वडिलांनी, सहादूभाऊंनी, मळ्यात शेततळं खणलं होतं. रविवारी त्यात पाणी सोडायचा कार्यक्रम होता आणि आमचे जावई वरून शूटिंग करणार असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. आता त्या गावात या जावयाची एक आठवण आधीपासून होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हा ट्रॅक्टर चालवून दाखवतो म्हणाला आणि त्यानं तो कांदा साठवायच्या चाळीत घातला. तेव्हापासून सासरे एकच करतात. जावई दारात आला, की ट्रॅक्टरची चावी उचलून खिशात टाकतात.

"या वेळी काही झालं ना काका, तर मी त्या गावात पाय ठेवणार नाही."

"पण होणार काय?"

"वर गेला आणि परत आलाच नाही तर?"

मी हसलो. हा प्रश्न त्यानं योग्य माणसाला विचारला होता. मी जन्माचा येवल्याचा. आमच्याकडे पोराच्या हातात आधी आसारी येते आणि मग पाटी. (माझं पाटीचं जरा राहून गेलं, पण आसारी पक्की आहे.) आसारी म्हणजे पतंगाचा दोरा गुंडाळायची मोठी फिरकी. संक्रांतीला येवल्याच्या गच्चीवर जो उभा राहिला आहे, त्याला आकाशातल्या वस्तूची भीती वाटत नाही.

"दोरा बांधू," मी म्हणालो.

"ड्रोनला?"

"उडणाऱ्या वस्तूला दोरा पाहिजेच. बिनदोऱ्याचं उडवायचं म्हणजे सरळसरळ सोडून देणं झालं."

"कंपनीच्या पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही, काका."

"कंपनीवाले येवल्याचे आहेत का?"

 घाबरलेल्या माणसाचं एक बरं असतं, तो ऐकतो.

रविवारी आम्ही चौघं निघालो. प्रफुल्लच्या मांडीवर ड्रोन, माझ्या मांडीवर आसारी. मळ्यात मांडव, लाऊडस्पीकर, सगळी भावकी. शेततळं म्हणजे मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजूंनी उतार आणि आत काळं गुळगुळीत प्लास्टिक. विहिरीच्या पाण्याचा पाइप आधीच लावून पाहिला होता, त्यामुळे तळाशी गुडघाभर पाणी होतं. सहादूभाऊंनी जावयाला एका हातानं मिठी मारली आणि दुसऱ्या हातानं ट्रॅक्टरची चावी खिशात टाकली.

मी ड्रोनच्या पोटाखाली दोरा असा बांधला, की पंख्यात जाणार नाही. चांगला पिळाचा सुती दोरा. आसारी घेऊन तळ्याच्या बांधावर उभा राहिलो. प्रफुल्ल रिमोट धरून नुसताच उभा होता. मी त्याला म्हणालो, तू फक्त वर ने, बाकीचं माझ्यावर सोड.

गेला की हो वर. भुंग्यासारखा आवाज करत सरळ गेला. मी ढील देत होतो आणि आसारी हातात गरगर फिरत होती. टाळ्या पडल्या. मांडवातल्या बाया कपाळावर हात धरून वर बघत होत्या, आणि प्रफुल्लच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी रंग आला. अख्खं तळं समोरून दिसावं म्हणून त्यानं ड्रोन पुढच्या कांद्याच्या वावरावर नेला आणि कॅमेरा आमच्याकडे फिरवला. म्हणजे माझ्या तोंडासमोर ड्रोन आणि पाठीमागं तळं. हे मी त्या वेळी लक्षात घ्यायला हवं होतं.

"काका, वारा जोरात आहे असं दाखवतंय."

मी पाहिलं. बांधावरच्या बाभळीचं पान हलत नव्हतं. पण यंत्र म्हणतंय म्हणजे वरच्या अंगाला असेल. मी म्हणालो, घाबरू नको, मी धरलाय, आणि दोरा जरा आखडून घेतला.

"वाढला काका. लाल अक्षरात आलं."

मी अजून आखडला. ड्रोन वर तिरका झाला आणि उलट्या बाजूला ओढायला लागला. ही ओढ मला ओळखीची होती. अंगात जुनं येवला जागं झालं. मी आसारी पोटाशी घेतली, कमरेतून मागं झुकलो आणि खेचलं. ड्रोन आणखी तिरका झाला.

(प्रफुल्लनं नंतर मला समजावून सांगितलं. ड्रोनला कोणी ओढलं, की त्याला तो वारा वाटतो, आणि जागा सुटू नये म्हणून तो उलटा जोर लावतो. त्या दिवशी मळ्यात वारा नव्हताच. वारा मीच होतो.)

"काका, दोरा सोडा."

"तू तुझं यंत्र बघ."

असं म्हणून मी आणखी एक पाऊल मागं घेतलं. ते प्लास्टिकवर पडलं.

दोरा तुटला तो मला ऐकू आला. पुढं मी बसल्या बसल्या, आसारी छातीशी धरून, अगदी सावकाश खाली गेलो आणि पाण्यात बसलो.  बांधावरून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "वकाट." पतंग कटला, की आमच्या बाजूला असं ओरडतात. पतंग वर होता. कटलो होतो मी.

वर यायला बघावं तर पाय घसरे आणि मी परत खाली. शेवटी दोर टाकून चौघांनी ओढून काढलं. छायानं बांधावरून एवढंच विचारलं, की मोबाइल खिशात होता का. होता.

"नारळ मी फोडणार व्हतो पाव्हणं," सहादूभाऊ म्हणाले, "तुमी कशाला आदी जाऊन बसले?"

या गडबडीत प्रफुल्लनं ड्रोन अलगद खाली आणला होता.  व्हायचं ते दुसऱ्याचं होऊन गेलं, की माणूस मोकळा होतो. संध्याकाळी मांडवात टीव्हीवर शूटिंग लावलं. तळं, घर, आंबा, सगळा मळा हातावर ठेवल्यासारखा. सहादूभाऊंनी ते दोनदा लावायला सांगितलं. मग त्यांनी खिशातून चावी काढली आणि जावयापुढं धरली.

"जावईबापू, ट्रॅक्टर तेवढा आत लावा. चाळीपासून लांब लावा, पण लावा."

वैष्णवीनं पदरानं डोळे पुसले. मी ओल्या विजारीत बसलो होतो, पण ऊर भरून आला.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण ते शूटिंग मोबाइलवरून गावोगाव गेलं, आणि त्यात एक गोम होती. इतक्या उंचीवरून दोरा दिसत नाही. दिसतो तो बांधावरचा एक जाडा माणूस, दोन्ही हात पोटाशी गरगर फिरवतो, आभाळाकडे बघतो, कंबर मागं टाकून हिसके देतो आणि कोणी न ढकलता पाण्यात जातो.

मंगळवारी गिरणीवर दोघं अनोळखी शेतकरी आले. मनमाडच्या पुढून आले होते, मळ्यावरून माझा पत्ता घेऊन. मला वाकून नमस्कार केला आणि पुढ्यात नारळ ठेवला.

"अंगात येतं ते तुमीच ना, बाबा? कांदा आत्ता काढू का थांबू?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण माणसं लांबून आली होती, आणि धीर देणं हे माझं आवडतं काम. मी डोळे मिटून ठामपणे सांगितलं, थांबा, भाव चढणार.

भाव उतरला. काल ते दोघं परत आले. भांडले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त नारळ परत मागत होते.

मी घराकडे हाक मारून नारळ मागितला. गॅलरीतून छायानं मान बाहेर काढली.

"त्यांना म्हणावं," ती म्हणाली, "चटणी चालेल का?"